एम-फोरचं गाऱ्हाणं

एम-फोर म्हणजे इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमिस्टरचं गणित. त्यात मी दोनदा उडाले आणि लालबागच्या आमच्या चाळीतला आख्खा तिसरा मजला माझ्यासाठी मुका झाला. मी मागितलं नव्हतं. बाबांनीच दारोदार जाऊन हात जोडले. गोदीत ज्या इंजिनिअर साहेबाच्या सहीशिवाय त्यांना साधा बोल्ट बदलता येत नाही, तसला साहेब त्यांना घरात हवा होता.

मग काय! टीव्ही बंद. शेजारच्या मनूच्या हळदीत वऱ्हाड हेडफोन घालून नाचलं. कमळाबाईंचा नवरा खोकायला बस पकडून शिवडीला भावाकडे जायचा. मजल्यावर आवाज एकच, माझ्या पुस्तकाच्या पानांचा. तो थांबला की भिंतीपलीकडून कमळाबाई हाक द्यायच्या, "अक्षदा, झोपलंस काय गो?" म्हणून मी न वाचताच पानं उलटायचे. मजला खूश. पोरगी पेटलीय!

"बाबा, मला नाही जमत. सोडायचंय मला."

"टेन्शन घेऊ नको," बाबा म्हणाले आणि मनूला काठी देऊन गॅलरीतली कबुतरं हाकायला बसवलं. तीपण घुमतात ना.

तिसऱ्या खेपेच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की माघार नाही. आमच्या कोकणात कोर्टापेक्षा हे पक्कं.

मजल्यावरचे सगळ्यात वडीलधारे हितेंद्रकाका उभे राहिले. चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान तुका नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

कित्येक महिने दाबलेले गळे ते. छताचा पोपडा खाली आला.

"चेडवाच्या वाटेत कोण आडवो येत असात, तेका सात समुद्रापलीकडे टाक!"

"व्हय म्हाराजा!"

"पेपर काढणाऱ्याची बुद्धी सरळ कर!"

"व्हय म्हाराजा!"

लोकांना ओरडायची नशाच चढली. काकांना ठसका लागला, ते खाली बसले आणि मी उठले.

"म्हाराजा! ह्या चेडवाक गणित येणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका इंजिनिअर होऊचा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका ह्या कॉलेजातसून सोडव!"

"व्हय म्हाराजा!"

मग हळूहळू एकेकाचं तोंड उघडंच राहिलं.

"रद्द करा हे!" बाबा किंचाळले.

"हय पेपरासारखा रिव्हॅल, फेरतपासणी नाय रे आनंदा," काका डोळे पुसत म्हणाले. "तू तर सगळ्यात मोठ्यान बोललंस."

सकाळी बाबा मला पेपरला न्यायला निघाले, तर दारात कमळाबाई खुर्ची टाकून. मागे आख्खा मजला. "ही पेपराक बसली आणि चुकान पास झाली, तर? देवाचो शब्द मोडल्याचा पाप आमच्या पोरांक लागात!" काल मला इंजिनिअर करायला निघालेले हे लोक आज तेवढ्याच जोमाने मला त्यातून वाचवत होते. मला विचारलं कालही नव्हतं, आजही नाही.

बाबांनी खूप वेळ धक्काबुक्की केली. शेवटी दमून उंबऱ्यावर बसले. माझ्याकडे बघितलं.

"तुला खरंच नको हे?"

"नको."

"अगं मग," बाबा अगदी मनापासून म्हणाले, "आधी सांगायचं नाही का?"