न चाललेली पावले

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. माझा आवाज म्हणजे बारीकशी थरथर, लांबून ऐकू यायची नाही. मी तुम्हांला एका आईची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, पण ती मी माझ्या अंगावर अनुभवली आहे, आणि ऐकून कुणाचे तरी भले होईल म्हणून सांगतो आहे.

मी एक जुने, स्वस्तातले मनगटी घड्याळ आहे. वेळ दाखवणे हे माझे जोडकाम. मुख्य काम पावले मोजण्याचे आणि नाडी बघण्याचे. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका मुलीने माझ्यावर काच बसवली, फुंकर मारली आणि मला पुढे ढकलले. मग एका लोखंडी हाताने मला शंभर वेळा झुलवले. शंभर आकडा उमटला तेव्हा मी पास झालो. हात हलला की पाऊल पडले, एवढेच शिक्षण मला मिळाले. पुढे जे घडले त्याचे मूळ या अपुऱ्या शिक्षणात आहे.

चांगशू शहराजवळ कालव्याकाठी एक छोटे गाव आहे. तिथल्या दुकानात मी सात महिने पडून होतो. माझ्या शेजारी चकचकीत, महागडी घड्याळे होती. ती फोनवर बोलत, गाणी वाजवत. मला कोणी हातातही घेत नसे. नववर्षाच्या सणात एका दुपारी श्यूबाओ नावाची सत्तरीची बाई लेकीबरोबर दुकानात आली. लेकीचे नाव यालान. ती दूर छंगदू शहरात बालवाडीत शिकवत असे आणि सणाला घरी आली होती. आईच्या रक्तात साखर फार झाली होती. पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोचत नाही, रोज सहा हजार पावले चाला, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"हे घ्या ताई," दुकानदाराने एक झगमगते घड्याळ पुढे केले. "याच्यावरनं फोन लागतो, पैसे देता येतात, हवामान कळतं."

"हवामान मला गुडघे सांगतात," श्यूबाओ म्हणाली. "आणि पोरी, याचे आकडे बघ, तिळाएवढे! हे वाचायला अजून एक चष्मा घ्यावा लागेल."

"मोठे आकडे हवेत," यालान म्हणाली. "रोज रोज चार्ज करायला नको, ती विसरेल. पाण्याने बिघडायला नको, तिचे हात दिवसभर पाण्यात असतात. पावलं मोजावीत, नाडी बघावी आणि मला ते माझ्या फोनवर दिसावं. बाकी काही नको."

"मग हे घ्या," म्हणत दुकानदाराने मला धूळ झटकून काढले. "गरिबाचं आहे, पण इमानी आहे."

इमानी! मित्रांनो, त्या एका शब्दाने मी किती फुगलो होतो!

मला डाव्या हातात बांधतात. पण श्यूबाओच्या डाव्या हातात जेड दगडाची हिरवी बांगडी होती. लग्नात घातलेली, आता साबण लावूनही न निघणारी. दगडाने माझी काच फुटली असती. म्हणून मी उजव्या हातावर गेलो.

निघताना स्टेशनवर यालान आईला म्हणाली, "सहा हजारांच्या खाली गेलीस ना, तर नोकरी सोडून घरी येऊन बसेन. गंमत नाही करत."

श्यूबाओ हसली, पण तिची नाडी उडालेली मला कळली. नऊ वर्षे वाट पाहून यालान यंदा बालवाडीची मुख्य बाई झाली होती. आपल्या पायापायी लेकीचे ते पद जाऊ नये, ही एकच काळजी त्या माउलीला लागून राहिली.

पहिले पाच आठवडे आम्ही खरोखर चाललो. ते माझे सुखाचे दिवस. कालव्याच्या काठाने, दगडी पुलावरून, भाजीबाजारातून परत. दोरीवर मोहरीची पाने वाळत असत. सहा हजार भरले की मी थरथरत असे आणि काचेवर फूल उमटवत असे. श्यूबाओ म्हणे, "बघा, शेंबड्या पोराला द्यावं तसं मला फूल देतंय!"

एका दिवशी बुटात खडा गेला. साखरेच्या आजारात तळपायाला दुखणे कळत नाही. ती तो खडा घेऊन साऱ्या गावातून फिरली. त्या दिवशी नऊ हजार झाली आणि मी नेहमीसारखे फूल दाखवले. संध्याकाळी तिने मोजा काढला तेव्हा तो टाचेपाशी लाल होता.

तिने जखमेला पट्टी बांधली आणि ती घरी बसली. आकडा दोन हजारांवर आला. लगेच फोन वाजला.

"आई, काल दोनच हजार? बरी आहेस ना? मी तिकीट बघते."

"अगं, पाऊस होता," श्यूबाओ म्हणाली. आकाश कोरडे ठणठणीत होते.

चारच दिवसांनी ग्वानयिन मातेचा, म्हणजे करुणेच्या देवीचा, जन्मदिवस आला. त्या दिवशी गावच्या सभागृहात सकाळपासून पोथी गायली जाते. मला कोणी विचारले की जन्माला येऊन काय कमावलेस, तर मी म्हणेन, ते श्रवण. पोथी सांगणारे यू गुरुजी मेणबत्त्यांमध्ये बसून एकेक ओळ उंच सुरात गात. ओळ संपली की साऱ्या म्हाताऱ्या मिळून अमिताभ बुद्धाचे नाव घेत. आईबापांच्या शोधात निघालेल्या राजकन्येची कथा आली की त्याच म्हाताऱ्या पदराएवढे रुमाल काढून रडत, आणि विदूषक आला की दात नसलेल्या तोंडांनी हसत. नामाला ताल असतो लाकडी माशाचा. हा मासा म्हणजे पोकळ लाकूड कोरून केलेले वाद्य. त्यावर छोट्या काठीने टक टक वाजवायचे. तो मान गेली वीस वर्षे श्यूबाओचा होता. ती लंगडत आली, बसली आणि उजव्या हाताने वाजवू लागली.

हात हलला. मी मोजू लागलो.

दुपारच्या शेवयांसाठी सगळ्या उठल्या, तेव्हा मी थरथरलो आणि फूल उमटवले.

"अगो बाई!" शेजारच्या लिंगदीने माझ्याकडे वाकून पाहिले. ती श्यूबाओची तरुणपणापासूनची मैत्रीण. "सात हजार! श्यूबाओताई, बूड हललं नाही तुझं, आणि सात हजार?"

"बुद्धदेवाने चालवलं असेल."

"मग मलाही चालव म्हणावं, माझं पोट बघ जरा!"

साऱ्याजणी खो खो हसल्या. संध्याकाळपर्यंत आकडा अकरा हजार झाला. यालानचा निरोप आला, "आई, शाब्बास! आता मला झोप लागेल."

श्यूबाओ तो निरोप बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घरातला छोटा मासा खाली काढला.

मित्रांनो, तिला लबाड म्हणू नका. ती रोज पाय उशीवर ठेवून बसे आणि नाम घेत वाजवत राही. एकदा माझ्याशीच बोलली, "नाम तर मी खरंच घेते. त्यात खोटं काय आहे? पाय बरा झाला की सगळं चालून फेडीन." नाम कधीच खोटे नसते. पण नाम मोजायला बसलेला मी त्याला पाऊल म्हणत होतो आणि सातशे कोसांवर एक मुलगी त्या पावलांवर विसंबून होती. सहा हजार, सात हजार, आठ हजार. दर संध्याकाळी मी माझे फूल दाखवत होतो. ती जखम पट्टीखाली काळी पडत होती आणि मी वर शाबासकी देत होतो.

एक गोष्ट मात्र मी खरी टिपली होती. तिची नाडी रोज वाढत होती. पूर्वी सत्तर असायची, ती नव्वद झाली, मग शंभर. तो आकडाही यालानच्या फोनवर जात होता. पण तो दुसऱ्या पानावर होता, आणि ती पावलांचे पान बघून फोन मिटत असे.

पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवसासाठी यालानने गाडीचे तिकीट काढले होते. आईने फोन केला, "कशाला येतेस? रजा वाया घालवू नकोस. बाबांच्या कबरीवर मीच जाऊन आले. बघ की, नऊ हजार झालीत."

"एकटी गेलीस? चढणीवरून?"

"हो तर! घोडी झालेय मी आता."

यालान हसली आणि तिने तिकीट परत केले. कबरीवर गेली होती लिंगदी. नैवेद्याचे हिरव्या पिठाचे गोळे ठेवून, गवत उपटून ती आली होती. श्यूबाओने तिला सांगितले होते की पाय मुरगळला आहे.

त्यानंतर आठवड्याने लिंगदी शेवयांचे भांडे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कसला वास येतोय गं?"

"मासळी सांडली काल."

"मला मासळी शिकवतेस?" लिंगदीने भांडे खाली ठेवले, वाकली आणि तिचा मोजा ओढला. मग ती मटकन जमिनीवर बसली. "अगं सटवे... अगं, काय करून बसलीस हे?"

"यालानला नको कळवूस. पाया पडते तुझ्या."

"पडायला पाय राहिलाय का तुझा!" लिंगदी ओरडली, आणि रडत रडतच तिने आधी रुग्णालयाला आणि मग यालानला फोन केला.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. यालान आली तेव्हा आई ग्लानीत होती. लिंगदीने तिला सगळे सांगितले. तिला ते पटेना. मग लिंगदीने माझा पट्टा सोडून यालानच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "वाजव, खाटेच्या दांड्यावर." यालानने दहा वेळा टकटक केले. मी दहा पावले दाखवली. यालानने तोंडात पदराचे टोक कोंबावे तशी आपली बाही कोंबली, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मग तिने प्रथमच दुसरे पान उघडले आणि नाडीची ती चढत गेलेली रेघ बोटाने मागे मागे नेत पाहिली.

दुसऱ्या दिवशी श्यूबाओला शुद्ध आली. मला पुन्हा तिच्या हातावर बांधले होते. ती सवयीने पुटपुटली, "आज किती झाली?"

यालानने वाकून पाहिले. "शून्य, आई."

"मग आता तू नोकरी सोडणार."

"सोडली."

श्यूबाओने डोळे मिटले. तिची नाडी माझ्याखाली पाखरासारखी फडफडली. जे वाचवण्यासाठी तिने पाय दिला होता, ते गेले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग जवळ बस. माझी पाठ चोळ जरा. किती दिवसांत कुणी चोळली नाही."

यालान चौदा दिवस पाठ चोळत होती. जखमेचे विष अंगात चढले होते. पंधराव्या दिवशी पहाटे मी नाडी शोधली आणि मला ती सापडली नाही.

आता मी यालानच्या कपाटात आहे. मला कोणी दोष देत नाही, त्याचेच वाईट वाटते. दुकानदार म्हणाला होता तसा मी इमानीच होतो. जे शिकवले ते चोख केले. पण मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचे इमान आंधळे असते. डोळे तुम्हांला आहेत. साधे, स्वस्त घड्याळ आईवडिलांना खुशाल घ्या, मोठ्या आकड्यांचे घ्या, पाण्याने न बिघडणारे घ्या. पण त्याला मुलाची जागा देऊ नका. घरी गेलात की त्यांना म्हणा, मोजे काढ, पाय बघू दे. ते लाजतील, रागावतील, पाय ओढून घेतील. तरी बघा. आणि तो पाय मांडीवर घ्याल, तेव्हा क्षणभर आमच्या श्यूबाओची आठवण काढा. लेकीला काळजी नको म्हणून ती बसल्या जागी दोन लाख पावले चालली.