फणसाचं डोकं आणि जर्मनीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. पण माणसाच्या डोक्याच्या आकाराचा. नाटक-सिनेमातले केसांचे टोप माझ्यावर तयार होतात. माझ्यावर जाळी ताणून कपाळाला टाचण्या मारतात आणि आकड्यासारख्या बारीक सुईने त्या जाळीत एकेक केस गाठवतात. एका टोपाला तीन-चार आठवडे लागतात.

माझा जन्म फणसाच्या लाकडातून झाला. अंबादास सुतारांनी मला घडवले आणि मापासाठी समोर बसलेल्या नंदूंचेच डोके घेतले. नंदू म्हणजे माझे मालक. त्यांची मुलगी श्रुतिका त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बाबांचे वडील कुडाळहून मुंबईच्या गिरणीत आले होते. गिरणी बंद पडल्यावर बाबांच्या या कलेवरच दिंडोशीतले घर चालले. गोरेगावच्या स्टुडिओतली माणसे यायची आणि मला थोपटून म्हणायची, "नंदूशेठ, टोप आहे की खरे केस? झकास!" त्या वर्षांत माझे डोके कधी उघडे राहिले नाही.

श्रुतिका दहाव्या वर्षी माझ्यापाशी बसली. तिची पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. बाबा ती उसवायचे आणि सुई परत तिच्या हातात द्यायचे. चुकले की उसवायचे, बरोबर आले की गप्प राहायचे, एवढीच त्यांची शिकवणी. अशी वीस वर्षे गेली.

पुढे बाजारात तयार, स्वस्त टोप आले आणि आमचे काम आटले. अशात गोरेगावला चित्रीकरणासाठी आलेल्या एका जर्मन रंगभूषाकार बाईंनी श्रुतिकाचा टोप हातात घेतला आणि उलटा करून आतून पाहिला. बाहेरून सगळेच पाहतात, आतून पाहणारे थोडे. त्यांनी तिला तिकडे बोलावले. नोकरी नव्हती, तीन नाटकमंडळ्या वेगवेगळी कामे देणार होत्या. म्हणून श्रुतिकाला स्वतःचा व्यवसाय करणारी कारागीर म्हणून जर्मनीत राहण्याची परवानगी हवी होती.

तिने अर्जाला मंडळ्यांची पत्रे जोडली, विमा काढला, व्यवसायाचा आराखडा लिहिला. महिन्याभराने व्हिसाच्या कचेरीने कळवले, "हे काम तुम्ही कुठे शिकलात, याचा पुरावा नाही. शिकवणाऱ्याने सही करून लिहून द्यावे. मुदत तीन आठवडे."

शिकवणारे तर समोरच बसले होते.

"बाबा, चार ओळी लिहा ना. मराठीत चालेल, मी भाषांतर करून घेते."

"लिहितो."

पहिल्या आठवड्यात बाबांचा चष्मा सापडेना. दुसऱ्या आठवड्यात बोटे दुखू लागली. श्रुतिका माझ्या कपाळावरच्या टाचण्या काढून पुन्हा मारत बसायची. अखेर तिची आई, रुक्मिणीबाई, चिडल्या.

"पोरीची वाट अडवताय तुम्ही!"

"अडवत नाय गो," बाबा म्हणाले. "माका लिवक जमना नाय. लिहिलं की ती जाणार."

मुदत संपायला दोन दिवस उरले. दुपारी घरात कोणी नसताना बाबांनी मला मांडीवर घेतले, माझ्यावर कागद टेकवला आणि लिहिले. दोनदा फाडले, तिसऱ्यांदा लिहिले.

संध्याकाळी बाबांनी दिलेल्या कागदाची झेरॉक्स काढायला श्रुतिका गेली आणि तो वाचून तशीच परत आली. तिने कागद उघडून मोठ्याने वाचला, "कपाळावरची केसांची रेघ माझ्यापेक्षा माझ्या मुलीची चांगली येते. दहा वर्षांपासून येते. हे मी तिला कधी सांगितलेले नाही."

"बाबा, हे खरंय?"

"सरकारी कचेरीत खोटं लिहून चालतं काय?" बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

श्रुतिका माझ्यावर डोके टेकून खूप वेळ रडली. लाकडाला पाणी चांगले नसते. पण त्या दिवशी मला काही झाले नाही.

व्हिसा आला. बाबा म्हणाले, "ठोकळा घेऊन जा." तिने मला कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवलेही. निघायच्या सकाळी मात्र मला बाहेर काढून खिडकीपाशी ठेवले. "हा इथे असला की तुम्ही कामाला बसाल," ती म्हणाली.

सहा महिन्यांनी तिला तिकडे राहण्याच्या परवानगीचे कार्ड मिळाले. तिने ते फोनवर दाखवले. रुक्मिणीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"स्वतःचं काम करायची परवानगी, असं लिहिलंय," श्रुतिका हसत होती.

"म्हणजे तुझ्यावर मालक कोणी नाही?"

"नाही बाबा. मीच माझी."

"मग घरी यायची रजा कोणाकडे मागशील?"

फोन कामाच्या टेबलाकडे फिरवून ती म्हणाली, "हातात तीन टोप आहेत, बाबा. गणपतीला जमतं का बघते."

गणपती आले आणि गेले. तिचे काम वाढले आहे, त्याचा बाबांना अभिमान आहे; शेजाऱ्यांना ते स्वतःहून सांगतात. पण ते कामाला बसत नाहीत. सकाळी माझ्यावरची धूळ पुसतात, कानामागच्या चिरेत तेलाचे बोट फिरवतात आणि मला जागेवर ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे एखादे अवजार असेल आणि ते वापरणारे हात रिकामे असतील. त्या हातांना सांगा, "मला दाखवा ना कसं करता ते." आणि कोणाचे काम मनापासून आवडले, तर तो माणूस जवळ असतानाच तसे बोला. मी फणसाचे लाकूड, मला तेल पुरते. बाबांच्या हातांना तेल पुरत नाही. त्यांना काम लागते, आणि ते काम पाहायला श्रुतिका लागते.