धुतलेले दगड

माझी बायको वेणू हिच्या दहाव्याला मी घर धुतलं. सुतक फिटलं की आमच्यात घर धुतात. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्येही धुतात.

माझी मुलगी स्नेहल जीवाश्मांचं शिकते. लाखो वर्षांपूर्वी मेलेले जीव, दगड झालेले. कच्छहून तिने ट्रंक भरून आणले होते. ते घेऊन पुढच्या महिन्यात ती पीएचडीसाठी पुण्याला जाणार होती. मला हे कधी पटलं नाही. वेणूला पटलं. दगडावर पांढरा ठिपका द्यायचा आणि त्यावर बारीक आकडा लिहायचा, हे काम ती लेकीकडून शिकली. आकडा वहीत बघितला की दगड कुठल्या थरातला ते कळतं. आकडा नसेल तर तो खडीत टाकायच्या लायकीचा. जेवताना वेणूनेच मला हे सांगितलं होतं.

त्या दिवशी स्नेहल मृत्यूचा दाखला आणायला गेली होती. माझी बहीण हौसा मदतीला आली होती. तिने ट्रंक उघडली.

"दादा, मेलेल्या जनावरांची हाडं घरात ठेवलीस तू! आनी वर इचारतोस, वयनी कशी गेली?"

"हाडं नाहीत गं, दगड आहेत."

"मग दगड धू. घर धुतोस, ते काय सोवळ्यातले हायेत?"

मी बादलीत साबण कालवला आणि तारेचा ब्रश घेतला.

संध्याकाळी स्नेहल आली. दगड गॅलरीत चादरीवर वाळत होते. तिने एक उलटा केला. मग दुसरा. मग सगळे.

"बाबा, आकडे?"

"धुताना गेले असतील."

"आईने लिहिलेले होते ते." ती खाली बसली. "मुद्दाम केलंत?"

"नाही गं. मला काय कळतंय त्यातलं."

तिने तिथूनच पुण्याच्या मॅडमना फोन लावला. "माझ्याकडूनच चूक झाली मॅडम, मी नीट ठेवले नव्हते," असं ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

सकाळी धुताना पहिल्या दगडाचा आकडा गेला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्याचा जाताना मी पाहिला. ब्रश थांबवला. हौसा आत लादी पुसत होती. वेणूचं अक्षर होतं, सात आणि चार. मला वाटलं, हे गेलं तर पोरगी कुठे जाणार नाही. मग मी जोर लावून घासलं.

आता स्नेहल घरीच असते. भाकऱ्या करते, ताट वाढते आणि आत जाऊन दार लावते. मी एकटा जेवतो.