बाळंतपणाचा दात

शिंपीमास्तरांच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. मागच्या खोलीत मास्तरांची बायको शर्टांना बटणं लावीत होती आणि दर बटणाचा दोरा दातांनी तोडीत होती. एका पांढऱ्याशुभ्र कॉलरवर लाल ठिपका उमटला.

"पुन्हा?" सासूबाईंनी शर्ट हिसकावला. "गिऱ्हाइकानं पाहिलं म्हणजे? कात्री काय शोभेला ठेवलीय?"

कॉलर लगेच साबणानं चोळली गेली. सुनेच्या तोंडात काय चाललंय, हे पाहायला मात्र कुणाला सवड नव्हती. तिला सहावा महिना लागला होता. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या. घास चावताना डोळ्यांत पाणी येई.

एका बाळंतपणाला एक दात जायचाच, हा त्या घरातला जुना नेम. वर पोटुशीनं दाताला हात लावू द्यायचा नाही, असं बजावलेलं. म्हणजे दुखणं सोसायचं आणि औषधही करायचं नाही. धन्य ते शहाणपण!

महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि मास्तरांना आत बोलावलं. "हिरड्यांचा आजार तोंडापुरता राहत नाही. तिथले जंतू, तिथली सूज रक्तात उतरते. रक्तातली साखर आवरत नाही, बाळ वेळेआधी येण्याचा धोका वाढतो. दातांच्या डॉक्टरकडे न्या. या दिवसांत सफाई करायला काही हरकत नाही."

मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन सगळं आईवर सोपवलं.

"माझे पाच दात गेले," आई म्हणाली. "मी मेले का?"

"आणि त्या पाच बाळंतपणांतली मुलं किती राहिली, आई?" सुनेनं विचारलं.

पुढे दुकानात मास्तरांचं शिवणयंत्र थांबलं. पाचांतले एकटे मास्तरच काय ते राहिले होते.

"ती दातांपायी गेली म्हणतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक! कुणी पाहिलंच नाही ना. माझंही मागचं बाळ सातव्यातच आलं आणि गेलं. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार."

ती उठली. बाहेर जायची वाट दुकानातूनच, आणि वाटेत मास्तरांचं स्टूल.

"गिऱ्हाइकं बसलीत," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "चारचौघांत शोभा नको. नंतर बघू."

 आज मागे फिरली, तर हे बाळही त्याच वाटेनं जाईल, या भीतीनं तिला बळ आलं. चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. मला दवाखान्यात जायचंय. सरका."

बाकावरच्या दोघांनी माना फिरवल्या. कोपऱ्यातली एक बाई तोंडावर हात धरून बसली होती. तिनं तो हात हळूच खाली घेतला.

"थांब गं," ती म्हणाली. "मीही येते. मला तर वर्षानुवर्षं येतंय."

मास्तरांना उठावंच लागलं.