दसऱ्याला उघडलेला फ्रीज

सॉल्ट लेकमधल्या मराठी घरांत कुणाला काही मोठं घ्यायचं झालं की आधी मला फोन येतो, आणि हे सांगताना मी उगाच नम्रपणा करणार नाही. ह्यांच्या बँकेच्या बदलीने आम्ही कोलकात्यात आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी एकही वस्तू छापील किमतीला घेतलेली नाही. एसी घ्यायचा डिसेंबरात, दुकानात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तेव्हा. गिझर मे महिन्यात. टीव्ही जानेवारीच्या सेलमध्ये, नवी मॉडेलं यायच्या तोंडावर. जुनं चालणार असेल तर एप्रिल-मे गाठावा, कारण बदल्यांच्या ऑर्डरी निघतात आणि दिल्लीला निघालेले साहेब चांगलं वॉशिंग मशीन येईल त्या भावाला देऊन टाकतात.

फ्रीज मात्र दुर्गापूजेच्या आधी. त्या दोन आठवड्यांत मिळते तेवढी सूट वर्षभर मिळत नाही. अडचण एवढीच, की आपल्याला नवी वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर हवी आणि इथे दसऱ्याला देवीचं विसर्जन. पहिल्या वर्षी मी आणि हे नटूनथटून खरेदीला निघालो, सगळीकडे शटर खाली बघून हात हलवत परत आलो. दुसऱ्या वर्षी मी तोड काढली. वस्तू सेलमध्ये घ्यायची, खोकं न उघडता घरात ठेवायचं आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून उघडायचं. सूटही मिळते, मुहूर्तही साधतो. आता आमच्यातली निम्मी घरं असंच करतात, आणि ते डोकं माझं.

यंदा ऋता आली. नांदेडची मुलगी, सव्वीस वर्षांची, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, आमच्या मागच्या गल्लीत एकटी भाड्याने राहते. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. कोजागरीला तिची आई पहिल्यांदाच तिच्याकडे येणार होती. आईला रोज इन्सुलिन लागतं, ते गार ठेवायला फ्रीज हवा. वर्षभर साठवलेल्या पगारातून तिने तो घेतला. भाव मी पाडला, आणि खोकं बंद ठेवायलाही मीच सांगितलं.

दसऱ्याला सकाळी हार घेऊन मी तिच्याकडे गेले. हळदकुंकू वाहिलं, फ्रीज सुरू केला. आतला दिवा लागला. संध्याकाळपर्यंत बर्फ राहू दे, पाण्याची बाटलीसुद्धा गार झाली नाही.

दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं. मॅनेजर नेहमीचाच, मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणणारा. बिल बघून तो म्हणाला, "बौदी, सात दिन के अंदर बताना था. आज बारहवाँ दिन है." बदलून मिळणार नाही, दुरुस्त करून देऊ, पंधरा दिवस लागतील. कोजागरी तीन दिवसांवर आली होती.

मी आवाज चढवला. एकोणीस वर्षांची गिऱ्हाईक मी, किती घरं तुझ्या दुकानात आणली, सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेकिन बौदी, इतने दिन खोला क्यों नहीं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मीच होते. पोरीच्या वर्षभराच्या पैशांवर मी माझ्या हुशारीने पाणी फिरवलं होतं, आणि ते तिच्यासमोर कबूल करायचा मला धीर होत नव्हता.

तेवढ्यात ऋता पुढे झाली. तिने बिल उलटं केलं, मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. बंगालीत. मी बघतच राहिले. कंपनीचा माणूस येऊन फ्रीज लावून देईल तेव्हापासून सात दिवस मोजायचे, असं इथे लिहिलंय, ती म्हणाली. मग तिने मोबाइल दाखवला. फ्रीज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने माणूस मागितला होता, आणि पूजा झाल्यावर पाठवू असं त्यांचंच उत्तर होतं. "तुमचा माणूस अजून आलेलाच नाही. मग सात दिवस सुरू कधी झाले?"

आवाज चढला नव्हता, पण सगळ्या दुकानाला ऐकू जात होता. "आणि नवी वस्तू आम्ही दसऱ्याला पूजा करून वापरायला काढतो," ती म्हणाली. "तुम्ही नाही का विश्वकर्मा पूजेला दुकानाच्या टेम्पोला हार घालत?"

मॅनेजरने बिल दोनदा वाचलं, कुठेतरी फोन लावला आणि परवा नवा फ्रीज पोचवायचं कबूल केलं. एकोणीस वर्षांत मी बिलाची मागची बाजू कधी वाचली नव्हती. पुढच्या बाजूला किती कमी झाले, तेवढंच बघायचे.

परतताना ऑटोत मी तिला विचारलं, "खोकं बंद ठेवणं बरोबर नाही, हे तुला कळत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"काकू, तुम्ही इतक्या हौसेने सांगत होतात," ती म्हणाली. "मग मी फक्त माणूस मागवून ठेवला."

ठरल्याप्रमाणे नवा फ्रीज आला आणि तासाभरात गार पडला. कोजागरीला आमच्या गच्चीवर दूध आटवलं, दहा-बारा घरं जमली. ऋताची आई माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून माझ्या पोरीला धडका फ्रीज मिळाला. ती म्हणाली, काकूंनी सगळं केलं."

सगळे ऐकत होते. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला गप्प बसवेना.

"मी तो घालवलाच होता," मी म्हटलं. "तुमच्या लेकीने परत मिळवला. मॅनेजरसमोर उभी राहून, त्याच्या भाषेत." माझंच ऐकून दिवाळीच्या पाडव्यासाठी खोकी बंद ठेवलेल्या आमच्यातल्या यामिनीला आणि शरच्चंद्रांना मी तिथेच सांगितलं, उद्या सकाळी ती उघडा, माझं चुकलं. ह्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

ऋताची आई मात्र लेकीकडे बघत होती. "ही बोलली? दुकानात, सगळ्यांसमोर?" तिने मला विचारलं. "घरी आम्ही हिला मुखदुर्बळ म्हणायचो हो."

मग तिने डोळे पुसले, माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "सांगा ना. अगदी पहिल्यापासून सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं, माझी चूक धरून.