आठ नटांची गाडी

माझ्या बाबांचा एकच नियम आहे: भोक दिसलं की बुजवायचं. सक्करदऱ्यात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. प्रेमानंदने, म्हणजे बाबांनी, हात लावलेल्या गाडीवरून डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठे अडकत नाही, असं गल्लीत सगळे म्हणतात. मीही म्हणायचे, आणि जरा जास्तच जोरात.

मनीषनगरच्या गणपतराव काकांनी त्यांच्या आजोबांची शेवरले पिकअप आमच्याकडे आणली तेव्हा मी नववीत होते. आणली म्हणजे क्रेनला टांगून आणली. खापा गावातल्या त्यांच्या गोठ्यात ती चाळीस वर्षं उभी होती आणि सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बाबांनी तिच्यावर आठ महिने घालवले. मी दहावीत जाईपर्यंत ती गडद हिरवी होऊन अशी चमकायला लागली की शाळेत जाताना मी तिच्या दारात बघून भांग नीट करायचे.

मग जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा फॉर्म आला. त्यात दोन गट होते. एक मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांचा, दुसरा बदल झालेल्यांचा. काकांना पहिला गट हवा होता. बाबांना तर काकांपेक्षाही जास्त हवा होता, कारण त्या गटात गाडीपुढच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली कारागिराचंही नाव लावणार होते. बाबांचं नाव आजवर एकाच पाटीवर आहे, आमच्या दुकानाच्या. तेही त्यांनीच रंगवलेलं.

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या वर्षीची मी असते तर रडले असते. पण आता मी वक्तृत्वात झोनमधून पहिली आलेली सुरुची आहे! आठवडाभर मोबाइलवर या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचलं आणि अर्धी वही भरली. शनिवारी शाळेतून आल्यावर दप्तरही न ठेवता फॉर्म उघडला. काका स्टुलावर बसले होते, बाबा गाडी पुसत होते. पुसायला तिच्यावर काहीच नव्हतं.

"वजनाचा वर्ग," मी वाचलं. "गाडी किती टनी आहे?"

"एक टन लिव," काका म्हणाले. "आमचे आजोबा टनभर कापूस भरून सावनेरच्या जिनिंगले नेत जाय."

"काका, किती भरला ते नाही विचारलेलं. कंपनीने किती वजनासाठी बनवली ते विचारलंय. नाहीतर आमच्या शाळेचा ऑटो बारा सीटर निघेल."

काका हसले. बाबा म्हणाले, "अर्धा टन हाय वं. बोनटवर लिवलंच हाय ना, एकतीसशे."

एकतीसशे हा कंपनीचा अर्ध्या टनाच्या गाडीचा आकडा, हे खरं. पण मला गाडी आली तो दिवस आठवत होता. "बाबा, तो आकडा तुम्हीच लावला ना? आधी तिथे नुसती भोकं होती."

"हो. भंगारवाल्याकडे जोडी भेटली, लावली."

"मग तो साक्षीदार बाहेरचा झाला. बाहेरचा नाही चालत. चाकाचे नट मोजा."

बाबांनी मोजले. मग पुन्हा मोजले, जणू एखादा कमी होईल. "आठ."

"अर्ध्या टनाच्या चाकाला सहा असतात!"

"मंग मी काय म्हनलो? एक टन!" काका स्टुलावरून उठलेच.

"थांबा काका. एक टनीलाही आठच असतात. आता डाला मोजायचा." डाला म्हणजे मागचा माल भरायचा भाग. बाबांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. अर्ध्या टनाचा डाला साडेसहा फूट असतो, एक टनाचा नऊ. आमचा भरला सव्वासात. पाऊण टन! मी दुकानात गिरकी घेतली आणि प्रायमरचा डबा लाथाडला.

सालही निघालं. काका सगळीकडे स्वातंत्र्याच्या सालची गाडी म्हणून सांगत. कागद कन्हान नदीच्या पुरात गेलेले, त्यामुळे त्यांना कोण खोटं पाडणार? पण दाराच्या खिडकीत हवेसाठी छोटी तिकोनी काच होती. ती एक्कावन्न सालापासून आली. आणि दाराची मूठ खाली फिरवायची होती. बावन्नपासून बटण दाबायची मूठ आली. म्हणजे नेमकं एक्कावन्न.

"चार वर्षं खाऊन टाकली पोरीनं," काका म्हणाले, पण त्यांना मजा येत होती.

पुढचा रकाना मूळ भागांचा होता. मोबाइलवरचं चित्र घेऊन मी डाल्याभोवती फिरले. चित्रात डाल्याच्या वरच्या कडेला चौकोनी खाचा होत्या. आमच्या कडेवरून मी बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

"इथे खाचा असायला पाहिजेत!" मी ओरडले. नटांच्या वेळी ओरडले होते त्याच आवाजात.

"होत्या ना," काका म्हणाले. "त्यात लाकडाच्या बल्ल्या खोचत जाय आजोबा. कापूस हलका पडते, उंच रचा लागते ना. म्या पाह्यलं हाय लहानपणी."

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. "त्याच्यातून सरकी निघाली होती," ते म्हणाले. "मले वाटलं उंदरानं आनली. म्हनलं, पानी जाईन, सडन. पत्रा मारून बुजवल्या."

"काय गा प्रेमानंद, पोरीनं तुहीच पोल खोलली!" काका गमतीनेच म्हणाले, पण कोणी हसलं नाही. मग त्यांनी चपला घातल्या. "सोमवारी फॉर्म द्याचा हाय. तू म्हनशीन तसं."

ते गेल्यावर बाबांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. मला माझा तो ओरडलेला आवाज अजून ऐकू येत होता.

"बाबा, मी ते लिहीत नाही," मी म्हटलं. "तुमचं काम इतकं साफ आहे की कोणाला कळणारच नाही."

"काकाले माहीत हाय."

"काका नाही सांगणार."

"अन् तू? नट मोजाले लावले तवा काय म्हनली होती? बाहेरचा साक्षीदार चालत नाई." ते चिडलेले नव्हते, तेच वाईट होतं. "मंग मायावाला पत्रा कुठला हाय? आतला?"

मी फॉर्मची घडी घालून तो दप्तरात सरकवला. वक्तृत्वात पहिली आलेली मी.

रविवारी सकाळी ग्राइंडरच्या आवाजाने जाग आली. बाबा डाल्यावर चढले होते. त्यांचा तो काचेसारखा हिरवा रंग ठिणग्यांखाली काळा पडत होता. मी मोबाइल धरला, ते चित्रावरून मापं विचारत गेले. दुपारपर्यंत सगळ्या खाचा उघड्या झाल्या. बाबांनी एकीत बोट घातलं आणि नखाएवढा काळा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. एक सरकी चुकून आत राहिली होती.

"आता फॉर्म घे," ते म्हणाले. "बदलाच्या रकान्यात लिव. खाचा बुजवल्या होत्या, पुन्हा उघडल्या."

"आता उघडल्यात ना! कशाला लिहायचं? ते लिहिलं तर दुसरा गट मिळेल. पाटीवर नाव नाही येणार."

"कडेचा पत्रा आता मायावाला हाय, पह्यलेचा थोडीच हाय. लिव वं."

मी लिहिलं. बाबांनी फॉर्म ओढून घेतला आणि त्या ओळीखाली मराठीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सहीची जागा तिथे नव्हती.

मग त्यांनी बोनटवरचे एकतीसशेचे आकडे खोलले. दोन्ही बाजूंना पुन्हा भोकं दिसायला लागली. बाबांचा हात आपोआप पुट्टीच्या डब्याकडे गेला. झाकण अर्धं उघडलं, आणि तो थांबला.

"पाऊण टनाचा, छत्तीसशेचा आकडा भेटते का वं कुठं?" त्यांनी विचारलं.

"शोधते. पण खरा जुनाच पाहिजे. वेळ लागेल."

"लागू दे."

त्यांनी झाकण दाबून लावलं. मी बोनटवरून बोट फिरवलं. ते अडकलं.