एका कानाचं अस्वल

ऑर्व्हिल पेट्रिशिन तीस वर्षं त्याच अरीनात, काचेलगतच्या त्याच खुर्चीवर बसून बर्फावरची हॉकी बघत आले होते. आपल्याला प्रशिक्षकापेक्षा जास्त कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी दुपारी त्यांचं निम्मं लक्ष मांडीवरच्या पिशवीत होतं. पिशवीत दोन टेडी अस्वलं होती. एक नवंकोरं, फेकायचं. दुसरं बस्टर, शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या नातीचं, टेसाचं. त्याचा एक कान कधीच गळून पडला होता.

"बाबा, बस्टरला सांभाळा हं. त्याच्याशिवाय ती झोपत नाही," लेकीनं दारातच बजावलं होतं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आजोबा फणकारले होते.

वर्षातून एकदाच ही धमाल असे. घरच्या संघाचा पहिला गोल झाला, की सगळ्यांनी आपापली अस्वलं बर्फावर फेकायची. मग ती गोळा होऊन इस्पितळातल्या मुलांकडे जायची.

जाळीमागचा गोलचा लाल दिवा लागला, भोंगा वाजला आणि नऊ हजार माणसं एकदम उठली. आजोबांनी पिशवीत हात घातला आणि काचेवरून अशी झकास फेक केली, की स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

"आजोबा," टेसा म्हणाली, "तो बस्टर होता."

पिशवीतून नवं अस्वल शांतपणे त्यांच्याकडे बघत होतं. टेसाचा ओठ थरथरायला लागला. तिला कडेवर घेऊन आजोबा दारावर तिकिटं तपासणाऱ्या, ओळखीच्या डोलिनाकडे धावले.

"डोलिना, आमचं अस्वल गेलं!"

"कुठलं? मला इथून हजारो दिसतायत."

"एका कानाचं! हिरव्या स्वेटरातलं!"

"तीस वर्षांत तुमचा नेम एकदा लागला, तोही घरच्याच अस्वलावर!" डोलिना खिदळली. पण हसता हसताच तिनं वॉकीटॉकी उचलला.

लगेच लाउडस्पीकर बोलला, "मंडळी, एका आजोबांनी उत्साहाच्या भरात नातीचं अस्वल फेकलंय. एक कान, हिरवा स्वेटर. जरा शोधा बघू!" सगळं अरीना हसलं. खेळाडू गुडघ्यांवर बसून ढीग उपसायला लागले. शेवटी पाहुण्यांच्या धिप्पाड गोलरक्षकालाच आपल्या जाळीत बस्टर सापडला. आजोबा टेसाला घेऊन काचेपाशी परतले, तेव्हा त्यानं तो तिला दाखवला. तिनं जोरात मान डोलावली, आणि त्यानं तो काचेवरून तिच्या हातात दिला. आजोबांना इतकं हायसं वाटलं, की त्यांना रडूच आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात पंचांनी हात आडवे केले. चकती काठीनं नव्हे, पायानं जाळीत ढकललेली होती. गोल रद्द!

नऊ हजार माणसं रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत राहिली.

"आता काय फेकायचं? हे चीज-बटाट्यांचं पुटीन?" मागून कुणीतरी ओरडलं.

पाच मिनिटांनी खरा गोल झाला. सगळे उठले, पण फेकायला आजोबांशिवाय कुणाकडेच काही नव्हतं. आजोबांचा हात सवयीनं पिशवीकडे गेला.

"थांबा. या खेपेला मी," टेसा म्हणाली.

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. एका काखेत बस्टरला गच्च दाबून तिनं दुसऱ्या हातानं नवं अस्वल भिरकावलं. ते काचेच्या कडेवर आपटलं, क्षणभर तिथंच लोंबकळलं आणि मग पलीकडे पडलं. एवढ्या मोठ्या बर्फावर ते एकटंच अस्वल! गोलला झाला नव्हता एवढा जल्लोष झाला.

"फेक अगदी माझ्यावर गेलीय," आजोबा म्हणाले.

"नाही," टेसा म्हणाली, "मी आधी बघून फेकलं."